वाचक क्रमांक चारशे सतरा

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे चौदा नियम आहेत. ते बाईंच्या स्वतःच्या अक्षरात, काचेच्या चौकटीत, दारातून आत आल्यावर उजव्या हाताला लावलेले आहेत. पहिला नियम शांततेचा आहे आणि तो कोणी पाळत नाही. चौदावा, चौकटीला हात लावू नये असा आहे आणि तो सगळे पाळतात, कारण चौकट फार उंच आहे. मधले बारा नियम बाई एकट्याच पाळत आल्या आहेत.

बाई म्हणजे ग्रंथपाल बाई. शाळेत बायका पंधरा, पण बाकीच्यांना विषय आहे. कोणी गणिताच्या बाई, कोणी भूगोलाच्या. यांना विषय नाही, म्हणून या नुसत्या बाई. मुलांनी ही उणीव भरून काढली आणि त्यांना 'मुदतबाई' करून टाकलं. त्याला कारण घडलं होतं. दहावीतल्या एका मुलाचा पाय मोडला तेव्हा बाई त्याला बघायला दवाखान्यात गेल्या. उशाशी बसल्या, कसं वाटतंय विचारलं, आणि उठताना म्हणाल्या, "पुस्तकाची मुदत मी वाढवून दिलीय. त्याची काळजी करू नकोस." मुलाला त्या क्षणापर्यंत ती काळजी नव्हती.

ग्रंथालय तिसऱ्या मजल्याच्या टोकाला आहे. एका बाजूला प्रयोगशाळा, त्यामुळे दर बुधवारी खोलीला सडक्या अंड्यांचा वास. सहा कपाटं, चार लांब टेबलं, आणि पश्चिमेची एक खिडकी. तिच्यातून दुपारी तीनला ऊन आत येतं आणि साडेपाचला जातं. तेव्हाच बाईही जातात. टेबलांवर कर्कटकानं कोरलेली नावं आहेत. बाईंनी ती पुसायचा प्रयत्न केला नाही. एकदा एका मुलानं कोरताना पकडला गेल्यावर, "सॉरी बाई," म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "अर्धं नाव ठेवू नकोस, वाईट दिसतं. पूर्ण कर, आणि मग शिक्षा."

ग्रंथालयाचा तास प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक. वीस मिनिटं वाचन. मग दहा मिनिटं शब्दकोशाची शर्यत: बाई फळ्यावर शब्द लिहीत, चौघाचौघांचे गट तो शोधत, आणि सापडला की हात वर करायचा. ओरडलं की शब्द बाद. चाळीस मुलं जिवाच्या आकांतानं पानं उलटताहेत आणि तोंडातून आवाज नाही, हे दृश्य बघायला शिक्षकही दारात थांबत. शेवटी चिठ्ठी.

चिठ्ठी हा बाईंचा शोध. इतर ठिकाणी मुलं वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहितात, 'हे पुस्तक मला खूप आवडले, सर्वांनी जरूर वाचावे.' हे लिहायला पुस्तक उघडावं लागत नाही. बाईंच्या चिठ्ठीवर एकच प्रश्न छापलेला होता: 'हे पुस्तक कोणाला आवडणार नाही?' उत्तरं मजेशीर येत. 'ज्यांना कुत्रा मेलेला चालत नाही त्यांना.' 'माझ्या काकांना, कारण यात त्यांच्यासारखाच एक माणूस आहे आणि तो शेवटी पकडला जातो.' बाई या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत वाचक क्रमांकाप्रमाणे लावून ठेवत. खोकी आता चोवीस झाली आहेत. कोणी ती मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही, याचा नियम अजून झालेला नाही.

बाईंचा नवरा लवकर गेला, एक मुलगी मागे ठेवून. मुलगी आमच्याच शाळेत शिकली. तिचा वाचक क्रमांक चारशे सतरा. शाळा सुटली की ती पाचव्या आणि सहाव्या कपाटाच्या मधे जमिनीवर बसून आईचे साडेपाच वाजायची वाट बघे, आणि हाताला लागेल ते वाची. फाटकाच्या आत ती आईला 'बाई' म्हणे, फाटकाबाहेर 'आई'. पाच वर्षांत एकदाही चुकली नाही. बाईही चुकल्या नाहीत. दर सोमवारी दारावर उशिराची यादी लागते, ज्यांची पुस्तकं मुदतीत आली नाहीत त्यांची. एका सोमवारी त्या यादीत चारशे सतरा लागला, दोन दिवस उशीर. दोघी त्या दिवशीही बरोबर घरी गेल्या आणि त्या विषयावर घरात शब्द निघाला नाही.

शाळा सोडताना प्रत्येक मुलाला सगळ्या विभागांच्या सह्यांचा कागद भरावा लागतो. ग्रंथालयाची सही घ्यायची तर वाचक कार्ड परत द्यायचं. लेक तो कागद घेऊन बाईंच्या टेबलापुढे उभी राहिली तेव्हा बाईंनी मान वर न करता सही केली आणि कार्ड मागितलं नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली ही बाईंची एकमेव चूक. म्हणजे आम्हाला ठाऊक असलेली.

लेक पुढच्या शिक्षणाला दुसऱ्या शहरात गेली. तिथून नोकरीला त्याहून लांब, आणि लग्न होऊन त्याहूनही लांब. दर रविवारी सकाळी साडेअकराला फोन येई.

"आई, जेवलीस?"

"साडेअकराच झालेत अगं."

"हो ना, विसरलेच. मग काय विशेष?"

"विशेष काय असणार. तुझं?"

"चाललंय. धावपळ नुसती. बरं, ठेवू?"

"ठेव."

ही तक्रार नव्हे. लेक चांगली होती. एक रविवार चुकवत नसे. मुदतीची सवय घरातूनच लागलेली.

सहा वर्षांपूर्वी वरून परिपत्रक आलं. ज्या पुस्तकाची पाच वर्षांत एकदाही देवघेव झाली नाही, ते बाद करावं आणि रद्दीत काढावं. जागा मोकळी करावी. मोकळ्या जागेचं काय करावं, हे परिपत्रकात नव्हतं.

या नियमाचा रोख थेट सहाव्या कपाटावर होता. सहाव्या कपाटात साडेसहाशे पुस्तकं होती आणि ती कोणालाच नको होती. दीपगृहाची देखभाल. मधमाश्या. तारायंत्राची बाराखडी. शिंप्यांसाठी भूमिती. थंड प्रदेशातली शेवाळं, भाग दुसरा. पहिला कधी आलाच नव्हता. एका जुन्या विश्वस्तांनी आपल्या घरातली अडगळ शाळेला दान दिली होती, तिचं हे कपाट. बाईंना या पुस्तकांचं कौतुक होतं असंही नाही. पण साडेसहाशे पुस्तकांवर त्यांनी स्वतः दाखल क्रमांक घातला होता, मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवली होती, आणि त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या अजून कोऱ्या होत्या. कोऱ्या चिठ्ठीचं पुस्तक रद्दीत द्यायचं म्हणजे बाईंच्या मते, पाहुण्याला बोलावून दारातूनच परत पाठवणं.

मग बाईंनी हिशोब मांडला. कर्मचाऱ्याला एका वेळी दोन पुस्तकं मिळतात, पंधरा दिवसांसाठी. वर्षाला अठ्ठेचाळीस, पाच वर्षांत दोनशे चाळीस. म्हणजे चारशेहून अधिक पुस्तकं उरतात. त्यांनी मर्यादा वाढवून मागणारा अर्ज मुख्याध्यापिकांकडे दिला. त्याचं उत्तर आलं नाही. विद्यार्थ्याला मात्र एका वेळी चार मिळतात. वर्षाला शहाण्णव.

घरी त्यांनी लेकीच्या टेबलाचा खालचा खण उघडला आणि तिथेच राहिलेलं चारशे सतराचं कार्ड बाहेर काढलं.

इथे बाईंविषयी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नुसता शिक्का मारून पुस्तक पुन्हा कपाटात ठेवता आलं असतं. कोणी बघत नव्हतं. पण बाईंच्या मते पुस्तक इमारतीबाहेर गेलं नाही तर ती नोंद खोटी, आणि बाहेर जाऊन न वाचता परत आलं तर अर्धी खोटी. त्यामुळे दर पंधरवड्याला सहा पुस्तकं कापडी पिशवीतून घरी जात आणि वाचली जात. एकटीच्या घरात वेळेची टंचाई नव्हती. फक्त लॉगॅरिथमच्या तक्त्यांचं एक पुस्तक त्यांनी नुसतं चाळलं, आणि हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा आवाज खाली आणला होता.

सुरुवातीला त्याचा रविवारी उपयोग झाला.

"तुला माहितीय का," बाई फोनवर म्हणाल्या, "एक मधमाशी सगळ्या जन्मात चमचाभरसुद्धा मध करत नाही."

"आई, तू माश्या पाळायचं म्हणत्येस का? बिल्डिंगमध्ये परवानगी नसते हं त्याला."

"नाही गं. वाचलं कुठेतरी."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

पुढच्या रविवारी लेकीनं जास्त काळजीनं विचारलं, बरी आहेस ना. तेव्हा बाईंनी फोनवर सांगणं बंद केलं आणि ते चिठ्ठीवर लिहायला लागल्या. नियमच होता: वाचकानं पुस्तक परत करताना चिठ्ठी द्यावी. चारशे सतरा हीही वाचकच. तिच्या वतीनं तिला काय वाटलं असतं, ते बाई लिहीत. 'हे पुस्तक कोणाला आवडणार नाही? ज्यांना घाई आहे त्यांना.' 'ज्यांना समुद्र फक्त सुट्टीत लागतो त्यांना.' 'आईला आवडलं, मला नाही.' कधी लेकीचं मत आईच्या मतापेक्षा वेगळं पडे, तेव्हा बाई दोन चिठ्ठ्या लिहून दोन वेगळ्या खोक्यांत टाकत. चारशे सतराच्या खोक्यात पाच वर्षांच्या शाळेत जमल्या होत्या त्याच्या चौपट चिठ्ठ्या नंतर जमल्या.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण शाळेत कॉम्प्युटर आला.

कॉम्प्युटर म्हणजे पूर्वीही होते, पण ग्रंथालयात नव्हता. आता एक आला आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटरचे सर आले. उत्साही माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आपोआप' हा शब्द. सुट्टीत त्यांनी बाईंनी ठेवलेली विद्यार्थ्यांची जाडजूड सभासद वही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत आत घातली. वर्गाच्या रकान्यात काही नसेल तिथे यंत्रानं शून्य धरलं. चारशे सतरा शून्याव्या इयत्तेत गेली.

"बाई, आता तुम्ही फक्त क्रमांक दाबायचा. मुदत आपोआप, यादी आपोआप," सर म्हणाले.

"आणि वर्षाचा उत्तम वाचक?" बाईंनी विचारलं. ते बक्षीस आजवर त्याच ठरवत. किती पुस्तकं नेली यावर नाही, चिठ्ठ्या वाचून.

"तेही आपोआप! माणसाचा हातच लागणार नाही. निकाल एकदम स्टेजवर उघडायचा. मोठ्या बाईंना कल्पना फार आवडलीय."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बाईंना वाटलं, यंत्र चालू वर्गांतलीच मुलं मोजेल. एवढी अक्कल आपल्याला आहे म्हणजे ती यंत्रालाही असणार, असं धरून चालणारी ती पिढी.

बक्षीस समारंभ सभागृहात झाला. आठशे मुलं, मागे पालक, भिंतीला टेकून आम्ही शिक्षक. खेळांची बक्षिसं झाली, चित्रकलेची झाली. मग कॉम्प्युटरच्या सरांनी खिशातून पाकीट काढलं आणि ते सगळ्यांना दाखवलं, जादूगार दाखवतो तसं. तिसऱ्या क्रमांकाला एकोणीस पुस्तकं. एक मुलगा गेला, टाळ्या. दुसऱ्याला तेवीस. मुलगी गेली, टाळ्या.

"आणि पहिला क्रमांक," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच कापला, "वर्षभरात तब्बल ब्याण्णव पुस्तकं! सहाव्या कपाटातली! दीपगृहांपासून शेवाळापर्यंत!" आणि त्यांनी नाव पुकारलं.

कोणी उठलं नाही.

त्यांनी पुन्हा पुकारलं. मुलं माना वळवून बघायला लागली. मागून कोणीतरी, "गैरहजर, सर!" ओरडलं आणि हशा झाला. वर्गशिक्षिका एकमेकींकडे, "तुझी का? माझी नाही बाई," अशा बघू लागल्या. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा दारात उभे असलेले शिपाईमामा, ज्यांना शाळेतलं प्रत्येक नाव पाठ आहे, मोठ्यानं म्हणाले, "अहो सर, ती तर आपल्या बाईंची लेक! तिला शाळा सोडून अकरा वर्षं झाली!"

मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीशी सरळ उभ्या होत्या, हातात पर्स. चेहरा, उशिराच्या यादीत नाव लागलेल्या मुलाचा असतो तसा. मग त्या निघाल्या. आठशे मुलांच्या मधल्या वाटेनं, घाई न करता. व्यासपीठावर जाऊन त्यांनी सरांच्या कानाशी काहीतरी सांगितलं, पण माईक चालू होता.

"ती वाचक बाहेरगावी आहे," सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "मी पालक आहे."

मोठ्या बाई प्रसंग सावरण्यात पटाईत. त्यांनी प्रमाणपत्र बाईंच्या हातात ठेवलं आणि स्वतः टाळ्या सुरू केल्या. सभागृह टाळ्यांना तयारच होतं. छायाचित्रही निघालं. त्यात बाई प्रमाणपत्र उलटं धरून उभ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला बाईंना बोलावणं आलं. मी माझ्या रजेचा अर्ज घेऊन आधीच तिथे बसलो होतो. मला कोणी जा म्हटलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.

"बाई, हे काय आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं. रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. "पुस्तकं तुमच्या स्वतःच्या नावावर का नाही घेतलीत?"

"दोनच मिळतात."

"मग मर्यादा वाढवून मागायची होती."

"मागितली होती. सहा वर्षांपूर्वी. अर्ज तुमच्याकडे आहे."

मोठ्या बाईंनी टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग गठ्ठ्याकडे बघणं थांबवलं.

"पण लेकीच्या नावावर? दुसऱ्या कुणाच्याही, म्हणजे..." त्यांनी हात हवेत फिरवला.

"दुसऱ्या कोणाचं कार्ड माझ्याकडे नव्हतं," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी हवेतला हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "हे बघा, तपासणी येईल. शून्याव्या इयत्तेत मूल आहे असं मी दाखवू शकत नाही. ते कार्ड आज बंद करा. आणि सहाव्या कपाटाला मी एक सत्र देते. खऱ्या मुलांनी जे नेलं ते राहील. बाकीचं जाईल."

"आज बंद करता येणार नाही."

"का?"

"नियम अकरा. वाचकाची लेखी विनंती असल्याशिवाय सभासदत्व बंद करता येत नाही." हा नियम बाईंनी जुनाच केला होता. एकदा एका कारकुनानं, आजारपणानं तीन महिने न आलेल्या मुलीचं कार्ड परस्पर रद्द केलं होतं. ती मुलगी बरी होऊन आली आणि दारात रडत उभी राहिली. तेव्हापासून.

"मग लेकीकडून विनंती आणा," मोठ्या बाई म्हणाल्या. "कळवायचं आहेच ना तिला बक्षीस मिळालं म्हणून."

पुढचं बाईंनी मला नंतर सांगितलं, तेही कार्यालयानं मागवलेल्या माहितीसारखं, म्हणजे क्रमानं आणि थोडक्यात.

रविवारी साडेअकराला फोन वाजला.

"आई, जेवलीस?"

"नाही. ऐक, तुला बक्षीस मिळालंय."

"मला? कसलं?"

"वाचनाचं. शाळेतलं. ब्याण्णव पुस्तकं वाचलीस तू यंदा."

लेक हसली. मग हसायची थांबली. "आई, नीट सांग बघू."

बाईंनी नीट सांगितलं. परिपत्रक, अर्ज, चार पुस्तकं, पंधरा दिवस.

"म्हणजे माझं कार्ड अजून आहे?"

"आहे."

"आणि मी मधमाश्या वाचल्या?"

"वाचल्यास."

"आवडल्या का मला?"

"नाही. शेवाळ आवडलं."

बाईंना वाटलं फोन कटला. फोन कटल्यासारखा आवाज येत होता खरा, पण तो नेहमीच येतो.

"आई, अगं मग मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. मधमाश्यांचं." बाईंनी पुढचं वाक्य आधी लिहून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं. "सभासदत्व बंद करावं अशी विनंती वाचकानं स्वतः लेखी द्यायची असते. सवडीनं दे. घाई नाही."

"नाही नाही, तुझं काम नको अडायला. पाठवते की."

बाईंचा अंदाज होता, पंधरा दिवस लागतील. धावपळ असते. महिनाही लागेल. त्या महिन्यात काय काय वाचायचं, याची यादीही मनात झाली होती. पत्र त्याच दिवशी बाराच्या आत आलं, ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर, आणि सोमवारी सकाळी बाईंनी ते उघडलं. त्याची छापील प्रत मी पाहिली आहे.

'माननीय बाई, माझा वाचक क्रमांक ४१७ आहे. माझे सभासदत्व कृपया बंद करावे, ही विनंती. आपली विश्वासू,' आणि खाली पूर्ण नाव.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मी विचारलं, "काय लिहिलंय?" त्या म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय. ग्रंथालयाला पत्र म्हणजे फाटकाच्या आतलं. तिथे 'बाई'च यायला हवं." मग त्यांनी पत्राला दोन भोकं पाडून ते फायलीत लावलं आणि भोकं नीट एका रेषेत आली आहेत का ते पाहिलं.

सत्रभर सहाव्या कपाटाची मोहीम चालली. ग्रंथालयाच्या तासाला शब्दकोशाची शर्यत बंद ठेवून बाई मुलांना सहाव्या कपाटापुढे सोडत. ज्याच्या मागच्या पानाच्या चिठ्ठीवर सगळ्यात कमी तारखा आहेत असं पुस्तक शोधा, म्हणत. मुलांना पहिले दोन आठवडे मजा आली. सातवीतल्या एका मुलीनं तारायंत्राची बाराखडी नेली आणि तिचा अख्खा वर्ग आठवडाभर बाकं वाजवून बोलत होता, तेव्हा गणिताच्या बाईंनी तक्रार केली. शिंप्यांची भूमिती एका मुलानं आपल्या वडिलांसाठी नेली आणि ते परत द्यायला नाहीत म्हणतात. चिठ्ठ्याही आल्या. 'हे पुस्तक कोणाला आवडणार नाही? मला.' अशा बऱ्याच. मग परीक्षा जवळ आल्या आणि मुलं पुन्हा गाइडांकडे वळली. साडेसहाशेपैकी एकशे बारा वाचली. बाकीच्यांवर बाईंनी स्वतः 'बाद' शिक्का मारला, एकेका पुस्तकावर. तीन दिवस लागले. मी म्हटलं, मामांना द्या, ते मारतील. त्या म्हणाल्या, "दाखल मी केली होती."

उरलेली बाकीच्या कपाटांत गेली आणि सहावं कपाट रिकामं झालं. त्यात आता नकाशांच्या सुरळ्या आणि समारंभाची कापडी फुलं ठेवतात. तीनचं ऊन पूर्वी त्याच्या काचेवर पडायचं, आता आतल्या फळ्यांवर पडतं. पाचव्या आणि सहाव्या कपाटाच्या मधे झाडू आणि बादली.

राहता राहिलं चारशे सतरा.

समारंभाच्या दिवशी त्या कार्डावर चार पुस्तकं बाहेर होती. नियम अकराचं दुसरं वाक्य असं आहे: 'सभासदत्व बंद करण्यापूर्वी वाचकाकडील सर्व पुस्तके परत आलेली असावीत.' पत्र आलं त्या सोमवारी बाईंनी तीन पुस्तकं परत जमा केली. चौथं, दीपगृहाच्या देखभालीचं, जमा झालं नाही.

मोठ्या बाईंनी दोन महिन्यांनी विचारलं, "ते कार्ड बंद केलंत ना?"

"विनंती आलीय. पुस्तक यायचंय," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पुस्तक कुठे असणार, हे न कळण्याइतक्या त्या काही नवख्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "आलं की करा," आणि तपासणीच्या तक्त्यात शून्याव्या इयत्तेपुढे त्यांनी स्वतःच्या हातानं 'प्रक्रिया सुरू' असं लिहिलं. सहा वर्षांपूर्वीच्या त्या अर्जाचं उत्तर बहुधा हेच असावं.

लेकीनंही एका रविवारी विचारलं.

"आई, झालं का गं ते कार्डाचं?"

"नाही अजून. एक पुस्तक यायचंय."

"कोणाकडे अडकलंय?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे?" आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "मग मलाच आणून द्यायला हवं म्हणजे."

"वाचकानंच आणायचं असतं."

"बघते गं. सुट्टीचं बघते."

त्यालाही आता सहा महिने झाले. सुट्टीचं बघणं चालू आहे. बाईंनी नियमाप्रमाणे दोनदा मुदत वाढवून दिली. तिसऱ्यांदा वाढवता येत नाही, तो नियम नऊ. म्हणून दर सोमवारी सकाळी यंत्रातून उशिराची यादी आपोआप निघते. बाई ती दारावर स्वतः लावतात, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारतात आणि एक पाऊल मागे जाऊन सरळ लागली का ते पाहतात. बाकीची नावं आठवड्या-दोन आठवड्यांत बदलतात. सगळ्यात वरची ओळ तीच राहते, फक्त तिच्या शेवटचा आकडा वाढतो.

या सोमवारी तो दोनशे चार होता.